मांडीवर घेऊन घसरगुंडी का नाही: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

मुलांच्या आमच्या या खेळाच्या जागेबद्दलचा तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. दोन स्टार दिलेत आणि कारणंही स्पष्ट लिहिलीत. धाकटीला मांडीवर घेऊन घसरगुंडीवर निघालात, तेव्हा स्टाफमधल्या मुलीने सगळ्यांसमोर अडवलं. सहा वर्षांच्या मोठ्याला छोट्यांच्या भागातून बाहेर बोलावलं, त्याच्या जॅकेटच्या टोपीची नाडी काढायला लावली. आणि एवढ्या वेळात एकही मूल त्याच्याशी बोललं नाही. ‘नव्या देशात आलोय, मुलांना मित्र मिळतील म्हणून आणलं होतं, नियम ऐकायला नाही,’ हे तुमचं शेवटचं वाक्य मला लागलं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी घसरगुंडी, कारण तिथे मी जराही मागे हटणार नाही. आईच्या मांडीवर बाळ सगळ्यात सुरक्षित, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं आणि एरवी ते खरंही आहे. घसरगुंडीवर मात्र उलटं होतं. एकट्याने घसरणाऱ्या मुलाचा पाय कडेला अडकला तर मूल बहुतेक वेळा तिथेच थांबतं, त्याचं वजन असतंच किती! मांडीवर असलं की त्याला थांबता येत नाही. मोज्याचा रबरी तळ कडेला धरून राहतो, मागून मोठ्या माणसाचं सगळं वजन खाली येत असतं, पाय पिळवटतो आणि नडगीचं हाड मोडतं. कुणी पडत नाही, मूल हातातून सुटत नाही. त्यामुळे मूल का रडतंय, हे आईला पटकन कळतही नाही.

अमेरिकेत २००२ ते २०१५ या काळातल्या नोंदींवरून एक अभ्यास झाला. त्यात घसरगुंडीवर इजा झालेल्या सहा वर्षांखालच्या मुलांचा अंदाज साडेतीन लाखांच्या घरात निघाला. सर्वांत जास्त प्रमाण १२ ते २३ महिन्यांच्या मुलांचं होतं, आणि जास्त करून मोडलेलं हाड होतं गुडघ्याखालचं. तुमची धाकटी नुकतीच त्या वयातून बाहेर आली आहे. आमच्या स्टाफमधल्या मुलीने तुम्हाला वरच्या पायरीवरच थांबवलं, कारण बसून सुटल्यावर सांगून काही उपयोग नसतो. ती तिचं काम चोख करत होती आणि मी तिच्या पाठीशी आहे. धाकटीला छोट्या घसरगुंडीवर एकटीला बसू द्या, तुम्ही शेजारी उभ्या राहा. एखाद्या घसरगुंडीवर तिला एकटीला सोडायला तुमचं मन धजत नसेल, तर ती घसरगुंडी तिच्यासाठी अजून मोठी आहे असं समजा.

नाडीचं कारणही असंच. ती घसरगुंडीच्या वरच्या फटीत अडकते, अंग खाली जातं आणि फास गळ्याला बसतो. याहून जास्त लिहवत नाही. आणि सहा वर्षांचं मूल कितीही सांभाळून खेळलं, तरी धावताना नुकत्या चालायला लागलेल्या बाळाला त्याचा धक्का लागतोच. बहीणभावाला एकत्र खेळायचं असेल तर ठोकळ्यांचा भाग दोघांनाही खुला आहे.

आता तुमच्या मुलाबद्दल. तो घरी भरभरून बोलतो आणि इथे तोंड उघडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. नवी भाषा कानावर पडायला लागली की बरीच मुलं काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतात. त्या काळात ती ऐकत असतात, हळूहळू समजत असतं, फक्त बोलणं मागे राहतं. ‘हाय म्हण, नाव सांग’ असं मागे लागलं की ती आणखी मिटतात. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकी संशोधिकेने १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळाचे टप्पे मांडले. त्यात नुसतं बघत उभं राहणं आहे, दुसऱ्याच्या शेजारी बसून आपापलं खेळणं आहे, आणि एकत्र खेळणं त्याच्या पुढे येतं. तिने हे शाळेआधीच्या वयाच्या मुलांवर पाहिलं होतं. पण परदेशातून नुकती आलेली मोठी मुलंही इथे पुन्हा याच वाटेने जाताना मला दिसतात.

त्या दिवशी मी काउंटरवर होते. तुमचा मुलगा बराच वेळ जाळीला धरून उभा होता. तुम्ही धाकटीचे मोजे बदलत होतात, तेव्हा एका मुलीने त्याच्यापुढे निळा ठोकळा धरला. त्याने तो घेतला, तिच्या मनोऱ्यावर ठेवला आणि बोटाने सरळ केला. ती दुसरा आणायला पळाली. दोघंही एक शब्द बोलले नाहीत. माझ्या मते तुम्ही ज्यासाठी आला होतात, त्याची ही सुरुवात होती.

तुम्ही आलात ती शनिवारची दुपार. त्या वेळी येणारी मुलं बहुतेक वाढदिवसाच्या पार्टीची, एकमेकांना ओळखणारी. त्यात नव्या मुलाला शिरायला अवघड जातं. शाळा सुटल्यानंतरच्या तासात या, आणि जमलं तर दर आठवड्याला एकाच वारी. तेच चेहरे पुन्हा दिसले की मुलं निम्मं काम स्वतःच करतात. पालकांचंही तसंच. कोपऱ्यातल्या टेबलांवर सगळे फोनमध्ये असतात, हे तुमचं निरीक्षण खरं आहे. छोट्यांच्या भागात मात्र आईबाबांना मुलाच्या हाताशी राहावं लागतं, तिथे बोलणं आपोआप सुरू होतं. धाकटीबरोबर तिथेच बसा.

बुधवारी शाळा सुटल्यानंतरच्या तासात मी असतेच. काउंटरवर मला बोलवा, मोठ्याला आतला भाग मी स्वतः दाखवीन, मराठीतून.