बर्नआउट नको? मग हजेरी लावा!

गेल्या शनिवारी आमच्या विभागात तणावमुक्तीची कार्यशाळा झाली. सक्तीची. तिथलं ज्ञान एकट्याने पचवणं बरं नव्हे, म्हणून हे चार उपाय तुमच्यासाठी.

झोप सोडा. सलग १७ तास जागं राहिलं की माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा चुकायला लागतो, हे १९९७ मध्येच मोजून झालंय. म्हणजे नशा फुकटात.

अभ्यास शेवटच्या रात्रीच करा. पाठ केलेलं किती भराभर उडून जातं, याचा हिशेब एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये मांडलाय. त्याला तोंडघशी पाडायची हीच संधी.

नापास झालात तर पुनर्परीक्षेच्या फॉर्मची मुदत संपेपर्यंत ब्र काढू नका.

आणि कार्यशाळा चुकवू नका. सोमवारी दोन सबमिशन, मंगळवारी प्रॅक्टिकल, अशा वेळी तर नाहीच. वक्ते पन्नास मिनिटं उशिरा येतील. हजेरीचा क्यूआर कोड दोनदा दाखवतील, सुरुवातीला आणि शेवटी, म्हणजे मधून कोणी सटकायला नको. "डोळे मिटा, खोल श्वास घ्या." मी मिटले. शेजारीण मांडीवर जर्नल ठेवून आकृत्यांना नावं देत होती. तिचाच श्वास जास्त शांत होता. मग स्लाइड आली: थकवा, कामाचा तिटकारा, आपल्याच्याने काही होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या बर्नआउटच्या व्याख्येतली ही तिन्ही लक्षणं वक्तेसाहेबांनी वाचली. त्याच व्याख्येत हे कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येतं, असंही आहे. ते वाक्य गाळलं. (व्याख्या नोकरदारांपुरती आहे म्हणा. आम्हाला कुठे पगार आहे!) पुढची स्लाइड: "वेळेचं नियोजन ही तुमची जबाबदारी."

आमची? पाच विषयांची सबमिशन्स एकाच आठवड्यात आम्ही टाकली? पाच शिक्षकांनी एक कॅलेंडर उघडून बसायला दहा मिनिटं लागतात हो! ती तुम्हाला मिळत नाहीत आणि आमचा अख्खा शनिवार मिळतो?

आणि पोरांनो, "चार रात्री झोपलो नाही" हे मिरवणं थांबवा. झोपा. चाचणीत गचकलात तर त्याच आठवड्यात सरांना-मॅडमना गाठा, एखादा विषय पुढच्या सत्राला ढकलता येतो का ते विचारा. कित्येक दिवस अंथरुणातून उठवत नसेल तर समुपदेशकाकडे जा, निकालाची वाट बघत बसू नका.

आणि तो अभिप्रायाचा फॉर्म मला परत पाठवू नका. तेवीस प्रश्न, सगळे अनिवार्य!