भुतं रात्रीच का यावीत भो?

कोकणाने मराठी भुतांवर मक्तेदारी करून ठेवलीय असं माझं स्पष्ट मत आहे. पडका वाडा, माजलेलं रान, धो धो पाऊस, कंदील, झालं, तयार तुमची भयकथा. आणि 2018 ला तुंबाड आल्यापासून तर विचारूच नका. पिक्चर जबरदस्तच आहे, त्यात वाद नाही. 2024 ला परत थेटरला लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला त्याने, आणि खरा पाऊस पकडायचा म्हणून त्या लोकांनी किती पावसाळे वाट पाहत शूटिंग केलं ते वाचलं तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडले. पण त्याच्यानंतर जो उठतो तो पाऊसच पाडतोय राव. अरे त्याच्यात पाऊस चालला कारण ती गोष्टच त्या ओल्या मातीतली होती, तुम्ही तोच पाऊस उचलून भुसावळला आणून पाडणार का? आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, दुपारी बाजारपेठेत कुत्रंसुद्धा गाडीखालून बाहेर येत नाही. इथला लेखक कंदील घेऊन कुठे जाईल?

मी कापसाच्या जिनिंग मिलमध्ये हिशोब लिहितो हे जुन्या मित्रांना माहितीय. दसऱ्यानंतर कापूस सुरू झाला की वजनकाटा, सरकी, गाठी, व्यापाऱ्यांचे फोन, डोकं वर काढायला वेळ नसतो. सीझन आटोपला की मग लिखाण, म्हणजे माझ्या सगळ्या भयकथा उन्हाळ्यात लिहिलेल्या, कूलरच्या घरघरीत, दुपारी, दारं-खिडक्या लावून. त्यामुळे असेल कदाचित, पण मला रात्रीची भीती लिहिताच येत नाही. माझं भूत दुपारचंच.

आणि हे काही माझं डोकं नाही बरं का. एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं 2023 मध्ये, तेव्हापासून गाडीत माहेरी निघालेल्या आज्या-मावश्यांची गर्दी असते आणि गोष्टी ऐकायला यांच्याइतकी चांगली जागा मला तरी दुसरी सापडली नाही. अमळनेरच्या गाडीत शेजारी एक आजी बसलेल्या, त्या त्यांच्या गावच्या डोहावरच्या साती आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या सात बायांचं, सांगत होत्या. म्हणे, बारा वाजता तठे कोनी जात नही. मी म्हटलं, रात्री बारा का आजी? तर माझ्याकडे अशा बघितल्या जसं मी शिकलेला नाहीच. "दुपारना रे! रातले काय भ्याव, रातले सर्वा घरमाच ऱ्हातस." बस्स. एवढ्या एका वाक्यात त्या बाईने भयकथेचं अख्खं वर्कशॉप घेतलं. भीती तिथे असते जिथे माणसाला कामासाठी जावंच लागतं. पाणी आणायला जावं लागतं, गुरं पाजायला जावं लागतं, म्हणून डोहावर आसरा.

याच्यामुळेच मला ते "तरुण मंडळी पिकनिकला पडक्या बंगल्यात जातात" वालं प्रकरण कधी पटत नाही. कशाला जाता? नका ना जाऊ! त्यापेक्षा यावल-रावेरकडची केळीची बाग घ्या. कृषीपंपाची लाईट रात्रपाळीची असली की माणसाला मध्यरात्री पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायला बागेत शिरावंच लागतं, हौस म्हणून नाही. मी एकदा मित्रासोबत गेलोय. बाहेर बऱ्यापैकी वारा होता, आत शिरलो तर एकदम कोंदट, दमट, सगळीकडे केळीचे सारखेच खांब, सारख्याच ओळी, चार ओळी वळलो की आपण कुठून आलो ते कळत नाही. टॉर्च मारली तर उजेड पुढे जातच नाही, पहिल्याच पानावर आपटून परत तोंडावर येतो. खाली लोंबणारी वाळकी पानं खांबाला घासतात तो आवाज कडक इस्त्रीची साडी नेसून कुणी बाई मागून चालत यावी तसा. आणि मध्येच कुठेतरी घडाच्या वजनाने खांब मोडतो, कडाड. मित्र शांतपणे म्हणाला, "गेलं एक." त्याला भुताचं काही नव्हतं, त्याची भीती बिबट्याची, त्याच्या खाली सापाची, आणि सगळ्यात मोठी भावाची, म्हणजे केळीच्या भावाची. हे सगळं एका गोष्टीत आलं पाहिजे की नाही? मग ती भयकथा पण होते आणि ज्याला लोक सिरीयस साहित्य म्हणतात ते पण होतं, वेगळं बसवायची गरज नाही.

सिरीयस वरून आठवलं. दर दिवाळी अंकानंतर कुणी ना कुणी विचारतंच की भुताखेतांतून बाहेर कधी येणार. आमच्या काकांचा प्रश्न निदान सरळ असतो, "भूतेसन्या गोष्टी लिखस ते लिखस, पैसा भेटस का रे भो?" भेटतो काका, पुढच्या दिवाळीपर्यंत भेटतो, दोन-चार फोन केल्यावर.

ज्यांना जॉनर, म्हणजे भुतांच्या नाहीतर डाकूंच्या ठरलेल्या प्रकारातल्या गोष्टी, हलक्या वाटतात त्यांनी मालेगाव बघावं. जिल्हा नाशिक असला तरी बागलाण-मालेगाव पट्ट्यात अहिराणी चालतेच, म्हणून मी त्यांना आपल्या खानदेशातलंच धरतो. शेख नासिरने 2000 च्या आसपास 'मालेगाव के शोले' केला तेव्हा घोडे परवडणार नव्हते, म्हणून डाकू सायकलवर आणले. लोक हसले, हसायलाच होतं ते, पण विचार करा, यंत्रमागाच्या गावात डाकू आला तर सायकलवरच येईल ना! तिथे घोडा खोटा वाटला असता. पुढे त्यांच्यावर फैझा अहमद खानची डॉक्युमेंटरी झाली, रीमा कागतीचा मोठा पिक्चर झाला, तो 2025 मध्ये थेटरला आला. मला त्या हिंदी पिक्चरपेक्षा डॉक्युमेंटरी जास्त आवडते, त्याच्यात बैलगाडीची क्रेन केलेली दिसते. कॉपी करायला बसलेली माणसं पैसे नसल्यामुळे ओरिजिनल झाली.

प्रवासाचं माझं असं आहे की मी लोकेशन बघायला जात नाही, टाइमटेबल बघायला जातो. गाडी कधी येते, दुकान कधी बंद होतं, लाईट कधी जाते. चाळीसगावला केकी मूस यांचं घर आहे स्टेशनजवळच, हा एवढा मोठा फोटोग्राफर वर्षानुवर्षं घराबाहेर पडला नाही, 1989 ला तिथेच गेला. गावात गोष्ट सांगतात की प्रेयसी पंजाब मेलने येणार म्हणून ते रोज दारं-खिडक्या उघडून वाट बघायचे. दोन संपादकांनी मला यावर भूतकथा मागितली. नाही लिहिणार. खरा माणूस आहे, त्याचं काम भिंतीवर लागलेलं आहे, ते बघून या, त्याला माझ्या भुताची गरज नाही.

सध्या डोक्यात पीजे आहे, आपली पाचोरा-जामनेर नॅरोगेजची छोटी गाडी. 2020 ला कोरोनात बंद पडली ती पडलीच, आता तिथे ब्रॉडगेजचं काम. गोष्ट दुपारच्या फेरीवर घडते, भर मे महिन्यात, डब्यात पाच-सहाच माणसं. त्यासाठी मला जरा माहिती पाहिजे: दुपारी गाडीत पाणी विकायला कुणी चढायचं का, मधल्या स्टेशनांवर तिकीट कोण द्यायचं, आणि गाडी मध्येच बंद पडली तर लोक उतरून चालायला लागायचे की बसून राहायचे? ज्यांनी स्वतः प्रवास केलाय त्यांनीच सांगा, युट्युबवर बघितलेलं नको.