घोड्यावरच्या मुलाला हेल्मेट कशाला, असे विचारणाऱ्यांना

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा जवळ आली, की लोहा-कंधारपासून परभणी-लातूरपर्यंतच्या व्हॉट्सअॅप गटांत एक संदेश फिरू लागतो. घोड्यावर बसणाऱ्या लहान मुलांना हेल्मेट घाला, ही सूचना म्हणजे परदेशी थेर आहेत, असे त्यात म्हटले आहे आणि कारणे दिली आहेत ती अशी: आपले पूर्वज उघड्या डोक्याने घोडदौड करीत, यात्रेतला घोडा चालीवर चालतो आणि त्याची दोरी मालकाच्या हातात असते, पडलेच तर मूल काळ्या मातीत पडते, हेल्मेटच्या ओझ्याने कोवळी मान मोडते, आणि हेल्मेटची सवय लागलेले मूल धड स्वार होत नाही. आमच्या घरी दोन पिढ्या घोडी होती आणि घोड्याच्या पाठीवर बसलेल्या पोराच्या चेहऱ्यावरचा आनंद मला चांगला ठाऊक आहे. तरीही यातले एकही कारण मला पटत नाही.

घोडा सावकाश चालतो, हे कारण सर्वांत फसवे आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. मारवाडी किंवा काठियावाडी घोड्याची खांद्यापर्यंतची उंची साधारण दीड मीटर असते. त्यावर आठ वर्षांचे मूल बसले, की त्याचे डोके जमिनीपासून सुमारे २ मीटरवर जाते. एवढ्या उंचीवरून खाली येणारे डोके, घोडा जागचा हलला नसला तरी, ताशी सुमारे २२ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळते. दोरी मालकाच्या हातात आहे, याने फार फरक पडत नाही. घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे कडेला हललेली वस्तू त्याला लगेच दिसते आणि ती ओळखण्याआधीच तो बुजतो. साडेतीनशे-चारशे किलोचे जनावर बाजूला उडी घेते तेव्हा दोरी धरणारा माणूस फार तर स्वतःचे पाय सांभाळतो. लग्नाच्या वरातीत तर डीजेसमोर घोडी नाचवतात, फटाके वाजत असतात आणि नवरदेवापुढे चार-पाच वर्षांचे पोर बसवलेले असते. ते दृश्य पाहिले की माझा जीव वरखाली होतो.

दोन वर्षांपूर्वी माझा भाचा असाच पडला. घोडी उभीच होती. शेजारच्या पालाची ताडपत्री वाऱ्याने फडफडली, घोडी दोन पावले आडवी सरकली आणि पोरगा दुसऱ्या बाजूने खाली आला. डोके टेकले ते रस्त्याकडेच्या दगडावर. त्याच्या डोक्यावर घोडेस्वारीचे हेल्मेट होते. तो उठून बसला आणि घोडी कुठे गेली, असे त्याने पहिल्यांदा विचारले. हेल्मेटवर बाहेरून नखाएवढा ओरखडा होता, पण आतला कापडी थर काढला तेव्हा पांढऱ्या फोमला बोटभर लांब चीर गेलेली दिसली. ते हेल्मेट आम्ही त्याच दिवशी मोडीत काढले, कारण हा फोम एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. एक आघात स्वतःवर घेणे एवढेच त्याचे काम असते.

पूर्वजांविषयीचे विधान तर इतिहासालाच सोडून आहे. जिरेटोप या शब्दातील जिरह म्हणजे साखळ्यांचे चिलखत, आणि लढवय्ये स्वार डोक्याला लोखंडी टोप घालत. १६५९ साली प्रतापगडाच्या भेटीला जाताना महाराजांनी मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही सांगता येते. ज्यांना टोप परवडत नसे, त्यांच्या डोक्याला निदान जाड पागोट्याचे वेढे असत. यात्रेत घोड्यावर चढवलेल्या आजच्या मुलाच्या डोक्यावर तेवढेही कापड नसते.

काळ्या मातीचे म्हणणे पावसाळ्यात थोडे खरे मानता येईल. पण यात्रा भरते मार्गशीर्ष-पौषात, तेव्हा हीच माती भेगाळून दगडासारखी होते, आणि वराती तर डांबरी रस्त्यावरून निघतात.

मानेच्या ओझ्याचा मुद्दा मोटारसायकलच्या हेल्मेटपुरता योग्य आहे. चेहरा झाकणारे ते हेल्मेट सव्वा-दीड किलोचे असते, त्यातून कमी ऐकू येते आणि बाजूचे कमी दिसते. लहान मुलाला ते घालून घोड्यावर बसवू नये. घोडेस्वारीचे हेल्मेट मात्र अर्ध्या किलोच्या आसपास असते आणि ते डोक्याची मागची बाजूही खालपर्यंत झाकते. कडा भुवईच्या एका बोटाच्या रुंदीएवढी वर आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला, असे ते बसायला हवे. पट्टा मोकळा सोडला तर ते मुलाच्या आधी जमिनीवर पोहोचते.

हेल्मेटने स्वार कच्चा राहतो, असे म्हणणाऱ्यांनी कोर्टनी किंग-डाय हिची हकीकत पाहावी. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरलेली ही अमेरिकन स्वार मार्च २०१० मध्ये सरावात घोडा अडखळल्याने पडली. डोक्यावर हेल्मेट नव्हते, आणि ती जवळपास चार आठवडे बेशुद्ध होती. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने १ जानेवारी २०२१ पासून आपल्या स्पर्धांत हेल्मेट सर्वांना सक्तीचे केले. ब्रिटनमध्ये १४ वर्षांखालील मुलांना रस्त्यावर घोडा चालवताना ते घालावे लागते, असा कायदा १९९० मध्येच झाला. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ चार वर्षांवरील मुलाला दुचाकीवर हेल्मेट घालायला सांगते. घोडा त्या कलमात येत नाही, आणि तेच मूल बापाच्या दुचाकीवरून उतरून घोड्यावर चढताना हेल्मेट आरशाला अडकवून ठेवले जाते.

हेल्मेटने हात किंवा बरगडी वाचत नाही, हे मान्य. रिकिबीत, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीत, पाय अडकून मूल फरफटले जाऊ नये यासाठी टाचेचा बूट आणि मुलाच्या पायाच्या मापाची रिकीब लागते, तीही यात्रेत क्वचितच असते. राहिला खर्च. तो प्रत्येक पालकाने करावा, असे माझे म्हणणे नाही. दहा मिनिटांची फेरी मारून आणणाऱ्या घोडेवाल्याकडे लहान, मध्यम आणि मोठ्या मापाची मिळून तीन हेल्मेटे असली, तर यात्रेतले बहुतेक प्रत्येक मूल त्यांत बसते. ही अट घोडेवाल्याला जागा देतानाच घालता येईल.