'दहावी रद्द होते' म्हणे!

गेल्या शुक्रवारी रात्री साडेदहाला खानापूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "अक्का, पोराची दहावी रद्द झाली तर तू भरून देणार आहेस काय?" एवढं बोलली आणि रडायला लागली. कारण काय, तर तिच्या थोरल्या दिरांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला एक लांबलचक मेसेज: ट्रान्सजेंडर मुलानं, म्हणजे जन्मानं मुलगा पण मनानं मुलगी किंवा उलट, अशानं कागदावर नाव बदललं की दहावी रद्द होते म्हणे. वर 'सर्व पालकांनी सावध व्हा', खाली नमस्काराचे अर्धा डझन हात, शेवटी 'दहा ग्रुपवर पाठवा'. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज आमच्या भिशीच्या ग्रुपवर आला, संध्याकाळी गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या ग्रुपवर. म्हटलं, आता गप्प बसून भागायचं नाही.

आधी घरची हकिकत. बहिणीचं थोरलं लेकरू २०२५ ला दहावी पास झालं. शाळेच्या कागदावर तो माझा भाचा. घरात गेली दोन वर्षं ती माझी भाची. ते सोपं झालं असं नाही. रडारड झाली, अंगारे झाले, एका बाबाकडे जाऊन तीन हजार घालवून झाले. पण निकाल लागल्यावर बहीण स्वतःहून म्हणाली, पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावीला) नाव घालायचंच आहे तर कागद एकदाचे सरळ करू. जिल्हाधिकारी ट्रान्सजेंडर म्हणून देतात त्या ओळखपत्राचा अर्ज भरून तयार होता, पालकाची सही तेवढी राहिली होती. मेसेज आला आणि सहीचा हात मागे गेला.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या एका मराठी हायस्कुलात एकतीस वर्षं क्लार्क होते. जनरल रजिस्टर माझ्याच हातचं. त्यामुळे या विषयावर कोणी काहीही ठोकून दिलं की माझं डोकं जरा लवकर फिरतं, हे आधीच सांगते.

मेसेज म्हणतो, 'शाळेच्या रजिस्टरला लागलेलं नाव ब्रह्मदेवही बदलू शकत नाही.' आणि दोन ओळी खाली तोच मेसेज म्हणतो, 'आता आठवीतला मुलगा शाळेत साधा अर्ज देऊन, आईबापांना न सांगता, एका दिवसात मुलगी होतो.' अहो, एक काय ते ठरवा की! ब्रह्मदेवाला जे जमत नाही ते आठवीतल्या पोराला जमतं काय?

दोन्ही खोटं आहे. रजिस्टरमधलं नाव बदलतं, आम्ही रोज बदलत होतो. आपल्या भागात तर हा धंदाच आहे. ज्ञानेश्वर हे नाव घ्या. मराठी बाप इंग्रजीत 'डी'नं सुरू करतो, कन्नड मास्तर 'जे'नं. आधारवर एक, दाखल्यावर एक, बँकेत तिसरंच. आडनाव आधी की नंतर, बापाचं नाव पूर्ण की नुसतं आद्याक्षर, यावरून किती पालक माझ्या टेबलापुढे हेलपाटे घालून गेले त्याची गणती नाही. जुन्या नोंदीवर लाल शाईनं आडवी एक रेघ, वर नवीन नोंद, बाजूला आदेशाचा क्रमांक, तारीख, हेडमास्तरांची सही. झालं. त्यासाठी कोणी 'सावध व्हा' म्हटलं नाही.

आणि आईबापांना न सांगता? ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आहे, १० जानेवारी २०२० पासून लागू. त्यात स्पष्ट लिहिलंय, अठराच्या आतल्या मुलासाठी अर्ज पालकानंच करायचा. पोराला परस्पर जमत असतं तर माझी बहीण रात्री साडेदहाला रडत बसली असती काय? सगळं अडलंय ते तिच्याच सहीवर.

आता तो मुद्दा, ज्यानं बहिणीची झोप उडाली. 'नाव बदललं की दहावीची गुणपत्रिका आपोआप रद्द होते, पुढे कुठंच प्रवेश मिळत नाही. त्यापेक्षा अशा मुलांना शाळेतून काढून घरच्या धंद्याला लावावं.'

हे ज्यानं कोणी लिहिलं, त्यानं आयुष्यात एक तरी दाखला नीट वाचलाय का, मला शंका आहे. याच कायद्याखाली २०२० साली नियम आले. कुठले कागद बदलून मिळतात त्याची यादीच त्यात जोडली आहे. जन्मदाखला आहे, जातीचा दाखला आहे, आधार, पॅन, रेशन कार्ड आहे. आणि शाळा, बोर्ड, कॉलेज, विद्यापीठ यांनी दिलेलं शिक्षणाचं प्रमाणपत्रही आहे. ज्या कार्यालयानं कागद दिला त्यानंच अर्ज आल्यापासून पंधरा दिवसांत तो बदलून द्यायचा. आणि क्लार्क म्हणून मला सगळ्यात भावलेली गोष्ट ही: बदललेल्या कागदावर मूळ कागदाचाच क्रमांक राहतो, असं नियमात लिहिलंय. बोर्डाला माणूस कळतो तो त्या नंबरावरून. नंबर तोच, गुण तेच, साल तेच. मग रद्द काय झालं?

बेळगावच्या माणसाला हे समजावून सांगायची वेळ यावी याचंच मला नवल वाटतं. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं बारा शहरांची नावं एका दमात बदलली. आपल्या गावाचं 'बेळगावी' झालं. ते आपल्याला पटलं की नाही तो वेगळा विषय, त्यावर बोलायला लागलं तर रात्र पुरणार नाही. पण शाळेचा रबरी शिक्का बदलला, पाकिटं बदलली, बसच्या पाट्या बदलल्या. माझ्या स्वतःच्या दाखल्यावर अजून 'बेळगाव' आहे. तो कोणी रद्द केला? थोरल्या दिरांच्या डिप्लोम्यावर पण 'बेळगाव'च आहे, त्यावरच ते नोकरी करून रिटायर झाले.

शाळेतून काढा, हे लिहिणाऱ्याला मी एक सांगते. आमच्या शाळेत नववीला एक मूल होतं. हजेरीला नाव पुकारलं की ते 'हजर' म्हणायचंच नाही. उभं राहायचं, खाली बघायचं, मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज यायचा. मास्तर म्हणायचे, उद्धट आहे, आणि गैरहजेरी मांडायचे. दिवाळीनंतर ते आलंच नाही. वडील दाखला न्यायला आले, तो मीच लिहिला. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात मी माझ्या हातानं 'घरगुती अडचण' असं घातलं. कारण त्या रकान्यात आम्ही दुसरं काही लिहायचोच नाही: घरगुती अडचण, स्थलांतर, नाहीतर पुढील शिक्षणासाठी. ते मूल आज कुठं आहे मला ठाऊक नाही. माझ्या भाचीच्या दाखल्यावर ते दोन शब्द येऊ द्यायचे नाहीत, म्हणून तर ही सगळी यातायात चाललीय. आणि कायद्याचं म्हणाल तर ट्रान्सजेंडर मुलाला याच कारणावरून शाळेनं नाकारायला किंवा काढायला २०१९ च्या कायद्यानं बंदी आहे. मेसेज सांगतोय त्याच्या बरोबर उलट.

एक अर्धं खरं आहे, ते मान्य करते. मेसेज म्हणतो, 'जुनं नाव कधीच पुसलं जात नाही.' नाही पुसलं जात, कबूल. मी मघाशी सांगितलं, रेघ मारायची, खोडायचं नाही. व्हाइटनर लावला की आमचा हेडमास्तर वही अंगावर फेकायचा. जन्मदाखल्याचं तर आपल्याच हायकोर्टानं सांगितलंय. एका ट्रान्सजेंडर बाईंनी जन्मदाखला बदलून मागितला. निबंधक म्हणाले, आमचा जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा फक्त चुका दुरुस्त करायची परवानगी देतो, आणि नोंद तर त्या वेळी बरोबरच होती. बाई कर्नाटक उच्च न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं सांगितलं की २०१९ च्या कायद्याखालचं प्रमाणपत्र दाखवलं की नवीन जन्मदाखला द्या, आणि १९६९ च्या कायद्यात सुधारणा होईपर्यंत त्यावर जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं, दोन्ही लिंगं लिहा. म्हणजे दाखला मिळतो, पण तो कुठं दाखवला की समोरच्याला सगळं कळतं. हे काही मला फार आवडलेलं नाही. सोळा वर्षांच्या पोरीनं प्रत्येक खिडकीवर आपली कथा का उघडी करावी? पण 'बदलतच नाही' आणि 'दोन्ही नावं येतात' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हा निकाल आपल्याच राज्यातला आहे. बहिणीला मी हाच वाचून दाखवला.

दुसरं एक निम्मं खरं. 'ऑपरेशनशिवाय काही होत नाही.' होतं. २०२५ मध्ये ओळखपत्रावर 'ट्रान्सजेंडर' असं हवं असेल तर प्रतिज्ञापत्र पुरत होतं. शारीरिक तपासणी करायची नाही, असं २०२० चे नियमच म्हणत होते. जिल्हाधिकारी कार्यालयानं तीस दिवसांत ते द्यायचं. नाव बदलायला तेवढं प्रमाणपत्र चालतं. कागदावर थेट 'स्त्री' किंवा 'पुरुष' हवं असेल तर मात्र शस्त्रक्रियेनंतरचा वैद्यकीय दाखला लागतो. आमच्या पोरीला आत्ता नाव हवंय. हजेरीला आपलं नाव ऐकू यावं, एवढंच तिचं मागणं आहे.

पुढचा मुद्दा वाचून मात्र मी एकटीच हसले. 'बसचा फुकट प्रवास आणि एक टक्का आरक्षण लाटण्यासाठी मुलं हे करतात.' शक्ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली, तिच्यात बायकांबरोबर ट्रान्सजेंडर लोकही आहेत, हे खरं. म्हणजे यांचं म्हणणं असं, की खानापूर-बेळगावचं तिकीट वाचवायला एक पोरगं आईला दोन वर्षं रडवेल, वर्गात टपल्या खाईल, बाबाचा अंगारा गिळेल. इतका हिशेबी पोरगा निघाला असता तर मी त्याला सी.ए.ला घातलं असतं. आणि एक टक्का? तो कर्नाटकनं २०२१ मध्ये सरकारी नोकरभरतीत ठेवला, ज्याच्या त्याच्या प्रवर्गाच्या आत. पीयूसीच्या प्रवेशाशी त्याचा काही संबंध नाही.

'जात जाते, आडनाव जातं.' जात नाही. कायद्यात पहिलं नाव बदलण्याचा हक्क आहे, तेवढाच. वडिलांचं नाव, आडनाव, जात, सगळं जिथल्या तिथं.

'एनसीईआरटीनं पुस्तक मागं घेतलं म्हणजे हे बेकायदा.' नोव्हेंबर २०२१ मध्ये ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दलची, शिक्षकांसाठीची एक पुस्तिका वेबसाइटवरून काढली गेली खरी, आक्षेप आले म्हणून. पुस्तिका काढली, कायदा नाही काढला.

आणि शेवटी नेहमीचं पालुपद, 'ही परदेशी थेरं.' हे थोरल्या दिरांनी पाठवावं! दरवर्षी मार्गशीर्षात गाडी करून सौंदत्तीच्या डोंगरावर जाणारे ते. यल्लम्माच्या पायरीवर डोक्यावर देवीचा जग (तिची मूर्ती बसवलेली पाटी) घेतलेला, हिरवी साडी नेसलेला जोगप्पा, म्हणजे पुरुष म्हणून जन्मून देवीला वाहिलेला, भेटला की आधी चप्पल काढून पाया पडणारेही तेच. परडीत पीठ-मीठ घालताना परदेश आठवत नाही. जोगती नृत्य करणाऱ्या ट्रान्सजेंडर कलावंत मंजम्मा जोगती याच परंपरेतल्या. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा दिरांनीच ग्रुपवर राष्ट्रपती भवनातला व्हिडिओ टाकला होता, 'आपल्या कर्नाटकाचा अभिमान' असं लिहून. डोंगरावर 'उदं गं आई उदं' म्हणायचं आणि घरातल्या पोरीला धंद्याला लावा म्हणायचं, हे मला तरी जुळवता येत नाही. जोगप्पालाही कधीतरी कुठल्या शाळेच्या हजेरीत नाव असेल की. ते कुठल्या इयत्तेत सुटलं, हे डोंगरावर कोणी विचारतं?

ज्यांच्या घरी असंच अडलंय त्यांच्यासाठी, टेबलामागं बसलेल्या बाईचं सांगणं: प्रवेशाची तारीख चुकवू नका. दाखला जुन्या नावानं मिळत असेल तर तसाच घ्या आणि नाव घाला; बदल मागून करता येतो. आधी जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र, अर्ज केंद्राच्या पोर्टलवर होतो. मग आधार. मग शाळा आणि बोर्ड, दोन्हीकडे वेगवेगळे अर्ज. गुणपत्रिका बेंगळुरूच्या मंडळाची असते, शाळेनं वहीत लाल रेघ मारली म्हणून तिथं काही हलत नाही. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, शिक्क्यासकट. 'पंधरा दिवस' ही मुदत अर्जातच लिहा. क्लार्क कुरकुर करेल. करू दे, मीही करायचे.

आम्हीही तसंच केलं. सोमवारी जुन्या नावाचा दाखला घेऊन पीयूसीला नाव घातलं. अर्ज अजून बहिणीच्या कपाटात आहे. थोरल्या दिरांना मी ग्रुपवर हे सगळं लिहिलं, त्यांनी अंगठा टाकला. वाचलं की नुसताच टाकला, देव जाणे. काल रात्री बहिणीचा पुन्हा फोन आला. यावेळी रडली नाही. अर्जावरच्या फोटोत केस मोकळे सोडलेले चालतात का, विचारत होती. म्हटलं, चालतात.