बागेला नवं गेट नको, माळी द्या

महापालिकेचं अंदाजपत्रक येतं तेव्हा उद्यानांच्या बातम्यांचा सुकाळ असतो. संगीत कारंजं, ओपन जिम, थीम पार्क, भव्य प्रवेशद्वार. मे महिन्यात त्याच बागेत जाऊन बघा. हिरवळ पिवळी पडलेली, बोअरची मोटार जळालेली, घसरगुंडीचा पत्रा कडेला फाटलेला. पैसा नव्हता असं नाही, तो चुकीच्या खात्यात होता.

कारंजं, गेट, पाथवे हा भांडवली खर्च. माळी, रखवालदार, पाणी, खत, झोपाळ्याची झिजलेली साखळी बदलणं, मोटार दुरुस्ती हा महसुली खर्च. भांडवली कामाचं भूमिपूजन होतं, फलक लागतो. खुरपणीचा फलक कुणी लावत नाही, त्यामुळे कात्री पहिली तिथे चालते. त्यात महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात बागा आणि मैदानं ऐच्छिक कर्तव्यांत मोडतात, बंधनकारक नाहीत. वर्षअखेर जवळ आली की बागेच्या तरतुदीचं ‘वर्गीकरण’ होतं, म्हणजे ती रक्कम दुसऱ्या कामाकडे वळते.

म्हणून ‘उद्यानांसाठी जास्त निधी द्या’ एवढीच मागणी केली तर आणखी एक कारंजं पदरात पडेल. मागायचं ते हे: प्रत्येक बागेच्या देखभालीचं स्वतंत्र लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातलं वेगळं खातं), आणि त्यातून वर्गीकरणाला बंदी.

आकडा किती मागायचा, ते पाण्यापासून मोजा. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हिरवळीला दर चौरस मीटरला रोज साधारण ५ लिटर पाणी लागतं. म्हणजे एकरभर लॉनला रोज २०,००० लिटर, दहा हजार लिटरच्या टँकरच्या दोन खेपा. मार्च ते मे या ९२ दिवसांत १८४ खेपा झाल्या. तुमच्या भागातला टँकरचा दर लावून बघा आणि तेवढी तरतूद अंदाजपत्रकात सापडते का ते शोधा. नसेल तर सगळा भार बोअरवर येतो. एप्रिलमध्ये बोअरची पातळी खाली जाते, पंप कोरडा चालतो आणि मोटारीचं वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळतं. स्टार्टरला ड्राय-रन संरक्षण बसवलं असतं तर पंप आपोआप बंद झाला असता. पण ही छोटी खरेदी कुणाच्याच यादीत नसते.

खरं तर एवढं लॉन लावणं हीच मुळात चूक आहे. बहावा, करंज, कडुनिंब, ताम्हण ही झाडं पहिली तीन वर्षं नीट पाणी देऊन जगवली की पुढे फार मागत नाहीत, आणि सावली देतात. मात्र त्यांच्या बुंध्याला पेव्हर ब्लॉक चिकटवू नका. चारही बाजूंनी किमान एक मीटर माती उघडी हवी, नाहीतर मुळांना ना पाणी मिळत ना हवा, आणि झाड शेंड्याकडून वाळत येतं. पालापाचोळा जाळण्याऐवजी खड्ड्यात थर देऊन कुजवला, मधेमधे शेणकाला आणि पाणी दिलं, तर चार-सहा महिन्यांत खत मिळतं. अशी बहुतेक खतं फसतात ती खड्डा कोरडा ठेवल्यामुळे. ओलावा राखायला माणूस लागतो. इथेही प्रश्न माळ्याचाच आहे.

माळी बहुतेक ठिकाणी ठेकेदाराकडून येतात. निविदा सगळ्यात कमी दराची निवडली जाते आणि तो कमी दर भरून निघतो तो माणसं कमी करून. कागदावर सहा माळी, बागेत दोन. हे पकडायचं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावरचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. मागा एवढंच: अमुक उद्यानाच्या देखभालीचा कार्यादेश (वर्क ऑर्डर), मागच्या तीन महिन्यांचे हजेरीपट, त्याच महिन्यांची भविष्य निर्वाह निधीची चलनं (कामगारांची नावं झाकून), आणि मंजूर देयकं. हजेरीपटावर सहा आणि चलनात दोन असतील तर पुढे वाद घालायची गरज उरत नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

देखभाल म्हणजे केवळ शोभा नव्हे. मार्च २०२४ मध्ये वडाळ्याच्या एका उद्यानात पाण्याच्या टाकीत पडून दोन लहान भाऊ गेले. टाकीच्या तोंडावर झाकणाच्या जागी प्लास्टिक होतं. एका झाकणाची किंमत कुठल्याही प्रवेशद्वाराच्या तुलनेत किती असेल?

आता जमिनीकडे या, कारण जागाच हातची गेली तर निधी कशावर खर्च करणार? विकास आराखड्यात बागेचं आरक्षण आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एमआरटीपी कायदा, १९६६ (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम) च्या कलम १२७ नुसार आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि जागा ताब्यात आली नाही, तर मालक ‘जागा विकत घ्या’ अशी खरेदी सूचना पालिकेला देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेनं संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. भूसंपादनाला तरतूद न ठेवणं म्हणजे बाग गमावण्याची तयारी. ताब्यात आलेल्या बागेचीही मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढा. पालिकेचं नाव लागलंय का? हद्द कायम मोजणी, म्हणजे हद्दखुणा पक्क्या करणारी सरकारी मोजणी, झाली आहे का? नाव नाही आणि हद्दखुणा नाहीत अशा बागेच्या कडेनं आधी टपरी येते, मग पार्किंग.

आरक्षण बदलायचं असेल तर याच कायद्याच्या कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकतीला एक महिना मिळतो. हरकत लेखी द्या आणि त्यात १९९१ चा सर्वोच्च न्यायालयाचा बंगळूर मेडिकल ट्रस्ट निकाल जरूर घाला. उद्यानाची जागा खासगी नर्सिंग होमला देणं तिथे रद्द झालं होतं.

बाग सांभाळायला खासगी संस्थेकडे देणाऱ्या दत्तक योजनेबद्दल स्पष्ट मत: संस्थेला झाडं सांभाळू द्या, कुलूप देऊ नका. मुंबईत मोकळ्या जागा दत्तक देण्याच्या जुन्या धोरणातून काही जागांवर क्लब उभे राहिले. जानेवारी २०१६ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांना नव्या धोरणालाही स्थगिती द्यावी लागली. करारात बांधकाम शून्य, प्रवेश विनामूल्य आणि वेळा पालिकेच्या, एवढं असेल तरच सही होऊ द्या.

पुण्यात नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक २००६-०७ पासून आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन ५ लाखांपर्यंतचं काम सुचवता येतं. त्यात बाकडी मागू नका, पाण्याची लाईन आणि टाकीचं झाकण मागा. बाकी शहरांत तरतुदीच्या मागणीचं पत्र ऑक्टोबरमध्येच जायला हवं. खात्यांचे आकडे नोव्हेंबर-डिसेंबरात ठरतात, जानेवारीनंतरच्या पत्रांना ‘पुढील वर्षी विचार करू’ हेच उत्तर येतं. पत्र उद्यान अधीक्षकांना आणि प्रत मुख्य लेखा अधिकाऱ्यांना द्या. सोबत बागेचं क्षेत्रफळ, लागणारे माळी, पाण्याच्या खेपा आणि नादुरुस्त खेळण्यांचे तारखेसह फोटो जोडा. आणि दोन्ही प्रतींवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.