आधारची झेरॉक्स कशाला हवी तुम्हाला?

लॉजवर एक रात्र काढायची, द्या आधारची झेरॉक्स. भाड्याने घर घ्यायचं, द्या झेरॉक्स. जिम लावायची, पोराचं नाव क्लासला घालायचं, तिथेही झेरॉक्स. घेणारा ती फाइलीत लावतो, फाइल कपाटावर चढते आणि दोन वर्षांनी रद्दीत जाते. नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो आणि बारा आकडी नंबर, सगळं एका कागदावर, किलोच्या भावाने.

आणि त्या कागदाने सिद्ध काय होतं? काहीही नाही! मोबाइलवर फोटो बदलून कुणीही तसा कागद छापू शकतो. खरं-खोटं कळतं ते आधारवरच्या क्यूआर कोडवरून, कारण त्यात आधार देणाऱ्या प्राधिकरणाची, म्हणजे यूआयडीएआयची, डिजिटल सही असते. प्राधिकरणाच्या अ‍ॅपने तो स्कॅन केला की नाव आणि फोटो समोर येतात, नंबराचे फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. झेरॉक्स काढण्यापेक्षा कमी वेळ लागतो. तंत्रज्ञान फुकट आहे, प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि तरीही काउंटरवरच्या माणसाला कागदच हवा असतो.

झेरॉक्सच्या दुकानात तर आणखी भयंकर. "या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा." तुमच्या आधारची पीडीएफ त्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्ये पडते आणि तिथेच राहते. पासवर्ड? नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. ज्याला तुमचं नाव आणि वय माहीत, त्याच्यापुढे हे कुलूप किती टिकणार? प्रिंट निघाली की समोर उभं राहून ती फाइल चॅटमधून आणि डाउनलोड्समधून पुसायला लावा. रिसायकल बिनमधूनसुद्धा.

मास्क्ड आधार आहे. मायआधार साइटवर ओटीपीने लॉगिन करा, डाउनलोडच्या पानावर मास्क्डची टिक लावा, पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मिळते. ती पुढे केली की उत्तर ठरलेलं: "हे चालत नाही, पूर्ण नंबर दिसला पाहिजे." कुणी सांगितलं? सरकारनेच हा गोंधळ घातला आहे. 27 मे 2022 रोजी प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं, की झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. दोन दिवसांत ते मागे घेतलं, कारण म्हणे गैरसमज होईल. गैरसमज कसला? एवढी एकच गोष्ट स्पष्ट सांगितली होती, तीही पुसून टाकली.

नंबर फुटला म्हणून काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांसाठी: आधारवरून पैसे काढायच्या सोयीत ओटीपी नाही, पिन नाही. बँकेचं नाव, आधार नंबर आणि बोटाचा ठसा, बास. ठसे खरेदीखतांवर असतात. ते उचलून रबरी किंवा सिलिकॉनचे ठसे बनवल्याचे गुन्हे तेलंगणात, हरियाणात उघडकीस आले आहेत. म्हणून बायोमेट्रिक आजच लॉक करा, त्याच मायआधार साइटवर. रेशनला किंवा बँकेत अंगठा लावायचा असेल तेव्हा तेवढ्यापुरतं उघडता येतं. पण हे प्रत्येकाने स्वतः शोधून का करायचं? मुळात लॉक असायला हवं आणि गरज पडेल त्याने उघडायला हवं. गावातल्या म्हातारीला, जिची पेन्शन त्याच अंगठ्यावर येते, तिला हे कोण सांगणार?

आता कायदा. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, असं नऊ न्यायमूर्तींनी एकमताने 24 ऑगस्ट 2017 ला सांगितलं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला 2023 मध्ये. नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये, आणि संमती, माहिती पुसून घेण्याचा हक्क वगैरे आपल्या कामाच्या तरतुदींना आणखी अठरा महिने. म्हणजे 2027! पण याच कायद्याने माहिती अधिकारात जी कात्री लावली, ती नियमांबरोबर लगेच लागू. तिला अठरा महिने नकोत. हेच सगळ्यात जास्त टोचतं. दंड 250 कोटींपर्यंत, पण तो जाणार सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याच्या हातात दमडी नाही, उलट भरपाईचं जुन्या आयटी कायद्यातलं 43अ कलमही काढून टाकायचं ठरलं आहे. तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर तक्रारदारालाच 10,000 रुपयांपर्यंत दंड. आणि सरकारी यंत्रणांना सुरक्षेच्या, सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली केंद्र एका अधिसूचनेने सूट देऊ शकतं. सगळ्यात जास्त माहिती ज्यांच्याकडे, त्यांनाच मोकळीक.

नवं तंत्रज्ञान असू द्या, कायदाही असू द्या, त्याला कुणाचीच ना नाही. पण स्कॅन करून भागतं तिथे प्रत ठेवायचीच नाही, एवढं एका ओळीचं बंधन घालायला कोण अडवतंय?

तोवर झेरॉक्स द्यावीच लागली तर कोऱ्या जागेत नव्हे, फोटोवरून आणि पत्त्यावरून आडवं लिहा: कुणासाठी, कशासाठी, कुठली तारीख. पेनाने, ठळक. आणि लॉज सोडताना विचारा, माझ्या कागदाचं तुम्ही काय करणार आहात. समोरचा चिडला तर चिडू दे.