‘पर्वरीत फ्लॅट घ्या, हप्ता भाडेकरू भरेल’ – भरेल का?

सावंतवाडी-कुडाळपासून कोल्हापूर, बेळगाव, पुण्यापर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश जोरात फिरतोय. शीर्षक: ‘पर्वरी म्हणजे गोव्यातलं पुढचं सोनं’. खाली मुद्दे असे: सरकारी कचेऱ्यांमुळे मागणी कायमची, पाच वर्षांत भाव दुप्पट, बँकेचा हप्ता भाड्यातून सुटतो, नाहीतर पर्यटकांना द्या, उड्डाणपूल आणि मोपा विमानतळामुळे भाव चढणारच, रेराचा (बांधकाम प्रकल्पांच्या नोंदणी-नियमनाच्या कायद्याचा) नंबर आहे, तेव्हा कागदांची चिंता नको, आणि शेवटी, ‘मोजकेच फ्लॅट उरलेत, आजच टोकन द्या’.

मी पर्वरीतच, पणजीला लागून, राहतो, आणि माझं पोट गृहकर्जाच्या फायली तपासण्यावर चालतं. त्यामुळे हा संदेश फिरून फिरून माझ्याकडेच येतो आणि सोबत प्रश्न असतो, ‘काय म्हणता, घेऊ का?’ पणजीत नोकरी आहे, मुलांच्या शाळा इथेच, स्वतः राहायचंय, असं असेल तर पर्वरी चांगलीच जागा आहे. बेत जमत असेल तर घ्या. पण संदेश राहणाऱ्यांसाठी लिहिलेलाच नाही. तो पैसे गुंतवणाऱ्यांसाठी आहे आणि तिथे त्याचा एकेक मुद्दा ढिला पडतो.

कचेऱ्यांचा मुद्दा त्यातल्या त्यात खरा. विधानसभा संकुल २००० पासून इथे आहे, सचिवालय इथेच, आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाची नवी इमारतही इथेच उभी राहिली. पण कचेरीत काम करणारा माणूस कचेरीशेजारी घर विकत घेतो हे गृहीतक गोव्यात चालत नाही. राज्यच एवढंसं. डिचोली, सत्तरी, पेडण्यात वडिलोपार्जित घर असलेला कारकून सकाळी कदंबची बस पकडून येतो आणि संध्याकाळी परत जातो. त्याच्या पगारात आजच्या भावाचा फ्लॅट बसतही नाही. इथले भाव ठरतात ते दिल्ली, मुंबई, बंगळूरच्या पैशावर, आणि त्यातले बरेच फ्लॅट घेऊन कुलूप लावून ठेवले जातात. २०११ च्या जनगणनेतच गोव्यातलं साधारण पाचातलं एक घर रिकामं निघालं होतं. खात्री करायची तर डिसेंबरात येऊ नका, ऑगस्टात या. नव्या इमारतीसमोर रात्री आठला उभे राहा आणि किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजा. भिंतींना ओल कुठून चढते तेही त्याच खेपेत दिसेल.

आता ‘दुप्पट’ आणि ‘हप्ता भाड्यातून’. हे दोन्ही मुद्दे एकत्रच घेतो, कारण फसगत त्यांच्या जोडीत आहे. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे दरवर्षी जवळजवळ १५ टक्के वाढ, तीही सलग. एखाद्या तेजीत असं घडतं, पण तेजीतला आकडा पुढची पाच वर्षं तसाच ओढायचा तर त्याला कारण लागतं. संदेशात ते नाही.

एक हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुम्ही तुमचे घाला. तयार फ्लॅट एक कोटीचा. ३० लाख स्वतःचे, ७० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी. हप्ता बसतो साधारण ६०,७०० रुपये. मुद्रांक, नोंदणी, वकील आणि भाड्याने देण्याइतकं फर्निचर धरून आणखी १२ लाख गेले. भाडं समजा २९ हजार. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च, घरपट्टी, भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा महिना आणि दलालाचं कमिशन वजा केलं की हातात सरासरी पावणेपंचवीस हजार. म्हणजे दर महिन्याला ३६ हजार खिशातून. पाच वर्षांत साडेएकवीस लाखांच्या वर.

लोक म्हणतात, ‘पण कर्ज तर फिटतंय ना!’ फिटतंय, पण सुरुवातीचे हप्ते बहुतेक व्याजातच जातात. पाच वर्षांत ३६ लाखांहून जास्त भरल्यावरही मुद्दल उतरतं जेमतेम सव्वाआठ लाखांनी. अजून पावणेबासष्ट लाख बाकीच असतात. माझ्या टेबलासमोर हा तक्ता बघून गप्प झालेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत. तक्ता बँक मागितल्यावर देते, तो कर्ज घ्यायच्या आधी मागा.

पुढे चला. भाव वर्षाला सहा टक्क्यांनी वाढला, फ्लॅट एक कोटी ३४ लाखांना गेला. दलाली वजा, बँकेची बाकी वजा आणि नफ्यावरचा कर वजा. २३ जुलै २०२४ पासून घराच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे आणि त्यानंतर घेतलेल्या घराला महागाईच्या निर्देशांकाची सूट मिळत नाही. सगळं वजा जाता हातात येतात साधारण ६७ लाख. घातलेले होते ६४ लाखांच्या आसपास. पाच वर्षं भाडेकरूंचे फोन घ्यायचे, नळ-फ्लशची कटकट सोसायची, भाड्याच्या उत्पन्नावरचा कर तर मी धरलाच नाही, आणि पदरात तीन लाख. मुदत ठेवीनेही याहून जास्त दिलं असतं. हिशेब जमायला भाव खरोखरच दुप्पट व्हावा लागतो. म्हणूनच संदेशात ‘दुप्पट’ आधी येतं आणि भाडं नंतर.

पर्यटकांना द्यायचं म्हणाल तर पर्वरीला समुद्र नाही. कळंगुट-कांदोळी दहा-बारा किलोमीटरवर असताना माणूस पठारावर का राहील? लग्नाला आलेला, कोर्टात तारीख असलेला किंवा स्वस्तात जागा शोधणारा, एवढंच गिऱ्हाईक. शिवाय असं घर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंदवावं लागतं, चादरी धुणारा आणि किल्ली देणारा माणूस ठेवावा लागतो, आणि रात्री दोनला जिन्यात गाणी सुरू झाली की सोसायटीची सभा तुमच्याच नावाने भरते.

उड्डाणपुलाबद्दल मला वेगळंच वाटतं. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर पर्वरीतून सुमारे पाच किलोमीटरच्या उन्नत मार्गाचं काम निघालं, तेव्हा त्याची धूळ इतकी उडाली की प्रश्न उच्च न्यायालयात गेला (न्यायालयाला लांबून माहिती मागवायची गरज नव्हती). खाप्रेश्वराजवळचा जुना वडही या कामातच हलवला गेला, ते दुःख वेगळं. पण पूल पूर्ण झाला की भाव वाढतो, हे कुणासाठी? ज्या पुलामुळे म्हापसा आणि गिरीहून पणजीला पर्वरीत न अडकता जाता येतं, त्या पुलामुळे म्हापसा आणि गिरी पणजीच्या जवळ येतात. पर्वरीला जादा पैसे मोजायचं कारण ‘पणजीला लागून’ हेच होतं, ते उलट पातळ होतं. आणि ज्यांची बाल्कनी पुलाच्या उंचीला येते, त्यांना उजेडापेक्षा ट्रकच जास्त दिसणार. २०१९ च्या जानेवारीत पणजी-पर्वरीदरम्यान मांडवीवरचा अटल सेतू खुला झाला तेव्हाही आता कोंडी संपली असंच म्हणत होते. गाड्या पूल ओलांडून पर्वरीत येऊन अडकू लागल्या.

मोपाबद्दल एकच वाक्य पुरे: मोपाचा हा मनोहर विमानतळ पेडणे तालुक्यात आहे, जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडताहेत, दाबोळीचा जुना विमानतळही चालूच आहे, आणि या बातमीची किंमत विकणाऱ्याने तुम्हाला सांगितलेल्या भावात कधीच धरलेली आहे.

सगळ्यात घातक मुद्दा रेराचा. रेरा चांगला कायदा आहे. चटई (कार्पेट) क्षेत्रावर विक्री, खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात, बांधकामातल्या दोषाची पाच वर्षं जबाबदारी, हे सगळं त्याच्यामुळे आलं. पण पहिली गोष्ट, ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठपर्यंत फ्लॅटचे प्रकल्प नोंदणीतून सुटतात, आणि सुकूर, तोर्डा, साल्वादोर दु मुंदच्या गल्ल्यांत असे छोटे प्रकल्पच जास्त दिसतात. दुसरी गोष्ट, नोंदणी झाली म्हणजे जमिनीचा हक्क निर्वेध झाला असं नाही. ते बघायचं काम तुमचं आणि तुमच्या वकिलाचं. बिल्डरने सुचवलेला वकील नको.

गोव्याबाहेरून आलेला माणूस सातबाराच्या सवयीने एक-चौदाचा (फॉर्म १ व १४, म्हणजे गोव्यातल्या सातबाराचा) उतारा बघतो, कब्जेदाराच्या रकान्यात विकणाऱ्याचं नाव दिसतं आणि त्याचा जीव भांड्यात पडतो. पण उतारा हा मालकीचा पुरावा नाही, त्यावरची नोंद खरी आहे असं फक्त गृहीत धरता येतं. खरा हक्क त्यामागे असतो: पोर्तुगीज काळातलं इन्स्क्रिप्शन-डिस्क्रिप्शन (जमिनीची जुनी नोंदणी), मात्रीज (जुनी महसुली नोंद), जुनी विक्रीखतं, आणि मुख्य म्हणजे वारसा. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याची व्यवस्था चालत आली. लग्न झालं की सर्वसाधारणपणे मालमत्ता नवरा-बायको दोघांची होते, मुलींचा वाटा मुलांइतकाच, आणि विक्रीखतावर दोघांच्याही सह्या लागतात. म्हणजे आजोबांच्या नावाच्या जमिनीला चार वारस असतील तर सह्या आठपर्यंत. त्यातला एक लिस्बनला, एक कॅनडात, एका विधवेचं कुलमुखत्यारपत्र. तिथे वारसाखत किंवा न्यायालयातलं इन्व्हेंतार (वारसांमधली वाटणी) झालेलं नसेल, तर उताऱ्यावरचं ते एकटं नाव काही कामाचं नाही. अशी फाईल माझ्या टेबलावर आली की मी वारसाखताची पानं आधी उघडतो आणि एक-चौदा सगळ्यात शेवटी.

त्याच उताऱ्यावर ‘कूळ’ आणि ‘इतर हक्क’ हे रकाने असतात. तिथे कुणाचं नाव असेल तर थांबा. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणाऱ्याला काढता येत नाही. नकाशावर कोपऱ्यात एक छोटं घर दाखवलेलं असेल तर विचारा, कुणाचं?

आणि कोमुनिदाद. पर्वरीचा मोठा भाग सेरुला कोमुनिदादीच्या जमिनीचा. म्हणजे गांवकरीची, मूळ गावकऱ्यांच्या संस्थेची, सामाईक मालकी, काही भूखंड आफ्रामेंताने, म्हणजे कायमच्या पट्ट्याने दिलेले, आणि बाकीच्यांवर झालेल्या अतिक्रमणांची प्रकरणं वर्षानुवर्षं गाजताहेत. २०२२ मध्ये राज्यात जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं ते जुन्या कागदांच्या खोट्या नकला निघाल्या म्हणून, आणि त्यातली बरीच प्रकरणं याच, पर्वरी ज्यात येते त्या, बार्देश तालुक्यातली. ‘सगळेच तिथे राहतात, कुणाला काय झालंय’ हे उत्तर बँक मान्य करत नाही.

जमीन कुठल्या विभागात येते तेही बघा. ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ या राज्याच्या आराखड्यात ती मुळातच वसाहत (सेटलमेंट) विभागात होती की नंतर फळबागेतून बदलून आणली? नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली केलेल्या अशा बदलांचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. बदल कुठल्या कलमाखाली आणि कधी झाला, याचं उत्तर लेखी घ्या. उतार कापून बांधलेली इमारत असेल तर त्याच कायद्याच्या कलम १७-अ ची परवानगीही. जिल्हाधिकाऱ्यांची बिगरशेतीची सनद, नगरनियोजन खात्याचा पूर्णत्वाचा आदेश, आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला आणि शेवटी पंचायतीचं भोगवटा प्रमाणपत्र, ही साखळी आहे. पर्वरीला नगरपालिका नाही, पेन्ह द फ्रान्स आणि सुकूरसारख्या पंचायती आहेत, हे बाहेरच्यांना बऱ्याचदा माहीतही नसतं. पाण्याचंही इथेच विचारून घ्या, कारण तिळारीचा कालवा फुटला की बार्देशात टँकर दिसायला लागतात.

क्षेत्रफळाचा घोळ वेगळा. गोव्यात भाव चौरस मीटरचा बोलतात, बाहेरच्या गिऱ्हाइकाला चौरस फुटाचा सांगतात, आणि दोन्हींच्या मध्ये कुठेतरी सुपर बिल्टअप, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरलेलं क्षेत्र, शिरतं. करारात चटई क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहून घ्या, १०.७६४ ने गुणायचं काम घरी करा.

उरलं ‘आजच टोकन द्या’. रेरा कायद्यात लेखी विक्री करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, मग तिला टोकन म्हणा की आणखी काही. आणि मोजकेच उरलेत की नाही हे दलालाला विचारायची गरजच नाही. नोंदणीकृत प्रकल्पाला किती फ्लॅट बुक झाले याची माहिती दर तिमाहीला रेराच्या संकेतस्थळावर टाकावी लागते. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका आणि तो तक्ता उघडा. ‘शेवटचे दोन’ सांगणाऱ्या प्रकल्पात अर्धी इमारत रिकामी निघाली, तर तो तक्ता छापून बिल्डरच्या कचेरीत घेऊन जा आणि भावाची बोलणी तिथून सुरू करा.